लिव्हर वाढलंय म्हणजे काय?

"सोनोग्राफीत लिव्हर वाढलंय असं आलंय. आता काय करायचं?"

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्यावरच्या कुठल्याही दवाखान्यात हा प्रश्न रोज विचारला जातो. बहुतेक वेळा तपासणी वेगळ्याच कारणासाठी झालेली असते. कुणाला मुतखड्याचा संशय असतो, कुणाचं पोट दुखत असतं. रिपोर्टमध्ये मात्र एक ओळ जास्तीची येते: यकृत 16.8 सेंटिमीटर, फॅटी लिव्हर ग्रेड 1. ती ओळ वाचून घरात दोन तट पडतात. एक जण म्हणतो, हल्ली सगळ्यांनाच असतं. दुसरा त्याच दिवशी तेल-तूप बंद करतो आणि काढे सुरू करतो. दोघंही एक प्रश्न विचारायला विसरतात: वाढलंय ते कशामुळे?

या प्रकरणात मला तेवढंच सांगायचं आहे. लिव्हर वाढणं हा आजार नव्हे, ती खूण आहे. कारण सापडलं आणि वेळेत दूर केलं, तर यकृताइतका सावरणारा दुसरा अवयव शरीरात नाही.

१. बरगड्यांच्या आड

उजव्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांमागे यकृत बसलेलं असतं. मोठ्या माणसात त्याचं वजन साधारण 1.2 ते 1.5 किलो. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून आलेलं असतं. श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर होड्यांतली मासळी आधी धक्क्यावर उतरते, तिथं तिची निवड होते आणि मगच ती बाजाराकडे निघते. आपण खाल्लेलं-प्यालेलंही तसंच आधी यकृतात उतरतं. साखर साठवायची, प्रथिनं बनवायची, पित्त तयार करायचं, दारू आणि औषधं मोडून काढायची, ही सगळी कामं तिथं होतात. म्हणूनच जे काही चुकीचं पोटात जातं, त्याचा पहिला मारही यकृतच खातं.

डॉक्टर पोटावर हात ठेवून "मोठा श्वास घ्या" म्हणतात, तेव्हा ते यकृताची कड बोटांना लागते का ते पाहत असतात. कड लागली म्हणजे यकृत वाढलंच, असं मात्र नाही. तान्ह्या बाळांत ती बरगडीखाली दोनेक सेंटिमीटर लागणं स्वाभाविक आहे. बरीच वर्षं बिडी ओढलेल्या माणसाची फुप्फुसं फुगलेली असतात, ती यकृताला खाली ढकलतात. त्यामुळे खात्रीसाठी सोनोग्राफी करतात. त्यात गळपट्टीच्या हाडाच्या मध्यापासून खाली सोडलेल्या रेषेवर यकृताची उंची मोजतात. मोठ्या माणसात ती 15 ते 16 सेंटिमीटरपर्यंत असली तर चिंता नसते. उंच माणसात थोडी जास्तही चालते.

यकृताच्या आत दुखण्याची जाणीव करून देणाऱ्या नसा जवळपास नाहीत. त्या आहेत वरच्या पातळ आवरणात. ते आवरण ताणलं गेलं की उजव्या बरगडीखाली जड वाटतं किंवा ठणकतं. सावकाश वाढणारं यकृत वर्षानुवर्षं काहीच बोलत नाही.

२. वाढतं ते कशानं?

सर्वांत जास्त आढळणारं कारण चरबी. त्याखालोखाल सूज, म्हणजे विषाणू, दारू किंवा औषधांमुळे पेशींना होणारी इजा. हृदयाची उजवी बाजू थकली तर रक्त मागे तुंबतं आणि यकृत फुगतं. अशा रुग्णाचे पायही सुजतात आणि उपचार हृदयावर करावे लागतात. पित्ताची वाट खड्याने अडली, आत गळू झालं, कर्करोग पसरला, तरीही यकृत वाढतं. मुलांमध्ये काही जन्मजात विकारांत नको ते पदार्थ यकृतात साठत जातात.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सूज वर्षानुवर्षं चालू राहिली की पेशींच्या जागी वण तयार होतात, यकृत कडक होतं आणि शेवटी आकसतं. त्याला सिऱ्होसिस म्हणतात. म्हणजे आधी मोठं असलेलं यकृत पुढच्या सोनोग्राफीत लहान दिसलं, तर ती सुधारणाच असेल असं नाही. फक्त सेंटिमीटरचा आकडा पाहून निष्कर्ष काढू नये तो यासाठी.

३. पितळेच्या पातेल्यातलं दूध

कारण शोधणं म्हणजे काय, हे कळायला महाराष्ट्रात घडलेली एक गोष्ट सांगतो. ही गोष्ट प्रत्येक मराठी घराला ठाऊक असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतातले डॉक्टर लहान मुलांच्या एका आजाराचं वर्णन करत होते. मूल सहा महिन्यांचं ते तीन-चार वर्षांचं. आधी चिडचिड, भूक कमी, हलका ताप. मग पोट पुढे येऊ लागायचं. हात लावला की टणक यकृत लागायचं आणि त्याची कड पानासारखी धारदार असायची. पुढे कावीळ, पोटात पाणी, आणि काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरात एकामागून एक भावंडं जायची. वैद्यकाच्या पुस्तकांत याचं नाव पडलं इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस. कुणी म्हणे विषाणू, कुणी म्हणे रक्तातला दोष, घरातले म्हणत दृष्ट लागली. चकवणारी गोष्ट ही, की आजार झोपडीत कमी आणि खाऊनपिऊन सुखी घरांत जास्त दिसायचा.

1970 च्या दशकाच्या अखेरीस या मुलांच्या यकृताचे तुकडे तपासले गेले. त्यांत तांब्याचं प्रमाण प्रचंड आढळलं. तांबं आलं कुठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर हा माग काढला. आजारी मुलांना आणि त्याच वयाच्या निरोगी मुलांना काय पाजलं जात होतं, कधीपासून, आणि ते कोणत्या भांड्यात तापवलं जात होतं, याची त्यांनी विचारपूस केली. आजारी मुलांना गाई-म्हशीचं वरचं दूध फार लवकर सुरू झालेलं होतं. ते दूध तापवलं जायचं, ठेवलं जायचं तांब्या-पितळेच्या भांड्यात. त्यांचा निबंध 1983 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आला.

यातली प्रक्रिया समजायला सोपी आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दुधातलं केसीन हे प्रथिन भांड्यातलं तांबं ओढून धरतं. दूध जितका वेळ भांड्यात राहील तितकं तांबं वाढतं. शरीर जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं, पण तान्ह्या बाळाची ही व्यवस्था कच्ची असते आणि जन्मतःच त्याच्या यकृतात तांब्याचा साठा मोठा असतो. त्यात रोज बाटलीतून भर पडत गेली की पेशी मरू लागतात. आईच्या दुधात तांबं अगदी थोडं असतं. ज्या घरात आई बाळाला जास्त दिवस अंगावर पाजायची, तिथलं मूल सुरक्षित राहायचं. ज्या घरात गोठा होता, पितळेची चांगली भांडी होती आणि बाळाला लवकर दूध सुरू करायची ऐपत होती, तिथं धोका. सुखवस्तू घरांचं कोडं तिथं सुटलं.

आपल्या जुन्या बायकांना यातलं अर्धं ज्ञान होतंच. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक किंवा कोकमाचं सार ठेवलं की ते कळकतं, चव बिघडते, हे कोकणातल्या प्रत्येक घराला माहीत होतं. म्हणून तर कल्हईवाला दारावर यायचा आणि भांड्याला आतून कथलाचा पांढरा थर द्यायचा. पण दूध कळकल्यासारखं लागत नाही. त्यामुळे कल्हई झिजलेल्या पातेल्यात दूध तापत राहिलं आणि कुणाला शंका आली नाही.

पुढे उपाय दोन बाजूंनी झाला. आजार लवकर ओळखलेल्या मुलांना शरीरातलं तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामाइन हे औषध दिलं गेलं, त्यातली काही वाचली. खरा बदल मात्र स्वयंपाकघरात झाला. दुधासाठी पितळ जाऊन स्टील आणि ॲल्युमिनियम आलं, स्तनपानावर भर दिला गेला, आणि 1990 च्या दशकात हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. हजारो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तो फक्त पुस्तकात वाचला. ऑस्ट्रियाच्या टायरॉल भागातही असाच प्रकार उघड झाला. तिथं 1900 ते 1974 या काळात 138 बाळं अशाच आजाराने दगावल्याचं 1996 मध्ये प्रसिद्ध झालं. तिथलीही भांडी तांब्याची होती आणि त्यांना कल्हई नव्हती. पितळेतलं दूध प्यालेली सगळी मुलं आजारी पडली नाहीत, त्यामुळे काही मुलांत आनुवंशिक कमजोरीही असावी असं तज्ज्ञ मानतात. पण भांडं बदललं आणि मुलं वाचली, हे निर्विवाद आहे.

आज तांब्या-पितळेची भांडी पुन्हा हौसेने घरात येत आहेत. मोठ्यांनी तांब्याच्या भांड्यातलं साधं पाणी पिण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बाळाचं दूध, ताक, लिंबू-सरबत, कोकम यांतलं काहीही कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ठेवू नका.

४. पावसाळा आणि कावीळ

रायगडच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हा यकृताच्या परीक्षेचा काळ. हेपटायटिस ए आणि ई हे विषाणू मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून येतात. पुराचं पाणी विहिरीत शिरलं, नळाच्या फुटक्या पाइपात गटाराचं पाणी गेलं, की काही आठवड्यांनी गावात कावीळ दिसते. 2012 मध्ये इचलकरंजीत हेपटायटिस ईची मोठी साथ आली ती दूषित पाण्यामुळेच. ए हा बहुधा मुलांत सौम्य असतो. ई मात्र गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जीवघेणा ठरू शकतो. गरोदर बाईला कावीळ झाली तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

कावीळ उतरवून घेणं, माळ घालणं, मनगटावर डागणं या रीती आजही चालू आहेत. त्यांनी बरं वाटल्याचं लोक शपथेवर सांगतात, त्याचं कारण साधं आहे: ए आणि ई बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. माळ घातली काय, न घातली काय, डोळ्यांचा पिवळेपणा जाणारच असतो. ज्यांची कावीळ खड्याने किंवा गाठीने झालेली असते, त्यांचे मात्र हे आठवडे वाया जातात. डागण्याने तर जखम चिघळते.

लेप्टोस्पायरोसिस ही किनाऱ्याची दुसरी ओळख. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतले जंतू चिखलात उतरतात आणि भातलावणी करणाऱ्याच्या पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात. ताप, लाल डोळे आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. काहींमध्ये यकृत वाढून कावीळ होते आणि मूत्रपिंडं बंद पडू लागतात. जुलै 2021 मध्ये महाडला पूर आला तशा आपत्तीनंतर चिखल उपसणाऱ्यांना हा धोका असतो. अशा वेळी आरोग्य केंद्रात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या मिळतात, त्या सल्ल्याने घ्याव्यात. शेतात गमबूट घालणं अवघड जातं हे मला मान्य आहे. पण पायाला जखम असताना तरी चिखलात उतरू नका.

खाडीतली कालवं, तिसऱ्या, खुबे आपण शिजवूनच खातो, ते फार चांगलं. शिंपल्यांतले हे जीव पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातले विषाणू आणि जंतूही त्यांच्यात साठतात. यकृताचा आजार असलेल्याने कच्ची किंवा अर्धवट शिजलेली कालवं तोंडाला लावू नयेत. काही सागरी जंतू अशा माणसाचा जीव एक-दोन दिवसांत घेऊ शकतात.

५. चरबी किती, वण किती

यकृताच्या पेशींपैकी पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी दिसली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. साखर आणि जादा पिष्टमय पदार्थ यकृतात चरबीत बदलतात. आपल्या किनाऱ्यावर तीन वेळचा तांदूळ पूर्वीही होता, पण त्याबरोबर नांगरणी, वल्हवणं, डोक्यावरून पाट्या वाहणं होतं. आता भात तेवढाच राहिला, हालचाल गेली आणि त्यात शीतपेयं आली. मधुमेह आणि पोटाचा घेर असलेल्यांना धोका सर्वांत जास्त. 2021 मध्ये केंद्र सरकारने हा आजार आपल्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला.

ग्रेड 1, 2, 3 हा चरबीचा अंदाज आहे. आयुष्यावर परिणाम करतो तो वण. तो आहे का, याचा पहिला अंदाज घरीही काढता येतो. त्यासाठी रक्ताच्या रिपोर्टमधले तीन आकडे लागतात: एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स. वय गुणिले एसजीओटी, याला प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने भागायचं. पन्नाशीच्या माणसाचं एसजीओटी 40, एसजीपीटी 64 आणि प्लेटलेट्स 2 लाख आहेत असं धरू. 50 गुणिले 40 म्हणजे 2000. 64 चं वर्गमूळ 8, 200 गुणिले 8 म्हणजे 1600. उत्तर 1.25. हे 1.3 पेक्षा कमी आहे, म्हणजे मोठे वण असण्याची शक्यता कमी. त्याच माणसाच्या प्लेटलेट्स 1 लाख 20 हजार असत्या, तर उत्तर 2.08 आलं असतं आणि यकृताचा कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी करून घ्यावी लागली असती. 2.67 च्या वर गेल्यास तज्ज्ञाकडे जायला उशीर करू नये. हे आकडे साधारण 35 ते 65 वयासाठी आहेत, आणि ताप किंवा कावीळ चालू असताना हा हिशेब करू नये.

फॅटी लिव्हरवर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वजन उतरवणं. 80 किलोच्या माणसाने 4 किलो उतरवले तरी यकृतातली चरबी कमी होऊ लागते. 6 ते 8 किलो उतरवले तर सूजही ओसरते. त्यासाठी मासे सोडायची गरज नाही. तळलेल्या तुकडीऐवजी कालवण खा, भाताची मूद निम्मी करा, वालाची उसळ आणि भाजी वाढवा, थंड पेयाची बाटली बंद करा आणि रोज पाऊण तास घाम येईल असं चाला. सिऱ्होसिस होऊन पोटात पाणी झालेल्यांनी मात्र सुकट, सुके बोंबील आणि लोणचं टाळावं, कारण मीठ पाणी धरून ठेवतं.

६. दारूचा हिशेब

"मी रोज फक्त एक क्वार्टर घेतो," असं सांगणाऱ्याने हा हिशेब करून पाहावा. 180 मिलिलिटर व्हिस्कीत 42.8 टक्के अल्कोहोल, म्हणजे 77 मिलिलिटर, वजनात सुमारे 61 ग्रॅम. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिलिटर बाटलीत सुमारे 41 ग्रॅम. पुरुषांत रोज 30 ग्रॅमच्या पुढे यकृताचा धोका स्पष्ट वाढतो, बायकांत त्याहूनही आधी. रोजची क्वार्टर म्हणजे मर्यादेच्या दुप्पट झाली. सुरक्षित प्रमाण असं काही नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि यकृत आधीच वाढलेलं असेल तर शून्य हाच आकडा बरोबर.

ताडी-माडी आणि हातभट्टी पिणाऱ्या पुरुषांत अमिबामुळे यकृतात होणारं गळू डॉक्टरांना वारंवार दिसतं. ताप, थंडी, उजव्या बरगडीखाली असह्य दुखणं ही त्याची लक्षणं. वेळेत ओळखलं तर मेट्रोनिडाझोलने ते बरं होतं, मोठं असेल तर सुईने पू काढावा लागतो.

७. औषधं आणि लस

पॅरासिटामॉलच्या 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या ही धडधाकट माणसाची दिवसाची कमाल मर्यादा आहे. रोज पिणाऱ्याने आणि यकृताच्या रुग्णाने याच्या निम्म्यावर थांबावं. सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असतं, तेही धरायचं. क्षयाची औषधं चालू असताना उलट्या झाल्या किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

काढ्यांबद्दलही सावध राहायला हवं. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, पुढच्या वर्षी देशभरातल्या 13 केंद्रांतून 43 रुग्णांची. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असं म्हटलं. घरी वेल तोडून काढा करणाऱ्याला तो फरक ओळखता येत नाही, एवढं या वादातून पुरेसं कळतं.

हेपटायटिस बी आणि सी रक्तातून, दूषित सुईतून, बी तर आईकडून बाळालाही येतो. हेच विषाणू पुढे सिऱ्होसिस आणि कर्करोगापर्यंत नेतात. बीची लस बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत द्यायची असते आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. मोठ्यांना तीन डोस पुरतात. सी साठी लस नाही, पण बहुतेकांत 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो. 2018 मध्ये सुरू झालेल्या हेपटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी व उपचार मोफत आहेत. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

८. थांबायचं नाही ते केव्हा

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, कावीळ असताना ताप आणि थंडी, झपाट्याने फुगणारं पोट, किंवा यकृताच्या रुग्णाचं असंबद्ध बोलणं, दिवसा झोपणं आणि रात्री जागणं. यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. म्हसळा किंवा श्रीवर्धनहून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता काही तासांचा आहे, ते तास आधीच हिशेबात धरा. 108 ला फोन करा आणि जुने सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि काढ्याची बाटली बरोबर घ्या. रुग्ण किती आणि किती वर्षं पितो, हे डॉक्टरांना खरं सांगा.